ऐश, माश आणि लक्झरी

नववीच्या वर्गाला मी इतिहास शिकवते. अर्थशास्त्राची पाने इतिहासाच्याच शिक्षकाच्या वाट्याला येतात, तशी ती माझ्याही वाट्याला आली आहेत. शाळा उर्दू माध्यमाची. गेल्या वर्षी माणसाच्या गरजांविषयी सांगत असताना मी फळ्यावर तीन रकाने आखले आणि वर तीन शब्द लिहिले : जरूरियात, आसाइशात, तअय्युशात. मराठी पुस्तकांत यांनाच गरजेच्या, सुखसोयीच्या आणि चैनीच्या वस्तू म्हणतात. तिसरा शब्द मुलांच्या तोंडात बसेना. सोपे करावे म्हणून मी विचारले, "तअय्युशात यानी लग्झरी. लग्झरी किसे कहते हैं, कौन बताएगा?"

मागच्या बाकावरून एक हात वर आला. "आपा, लग्झरी बोले तो बस!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण मुलगा चुकला नव्हता. आपल्या महाराष्ट्रात 'एसटीने आलात की लक्झरीने?' असे सहज विचारतात आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. पुण्या-मुंबईला रात्री सुटणाऱ्या खासगी बसचे ते नाव होऊन बसले आहे. त्या मुलाचे वडील अशाच एका बसवर क्लीनर आहेत. "अब्बा लग्झरी पे हैं," असे त्याने अभिमानाने पुढे जोडले.

मग मी मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगितले आणि मनात येतील त्या वस्तू त्यांत भरायला लावल्या. पंखा कुठे घालायचा यावर वाद झाला. फ्रिजवर तर भांडणच झाले. एकीच्या घरी आई कुल्फ्या करून विकते, तिने फ्रिज पहिल्या रकान्यात घातला; शेजारणीने तिसऱ्या. सायंकाळी वह्या तपासताना एका मुलीच्या वहीवर माझी पेन थांबली. हुशार, अबोल मुलगी. तिसऱ्या रकान्यात, सोन्याचे दागिने आणि मोटारगाडी यांच्या खाली, तिने स्वच्छ अक्षरात लिहिले होते : कॉलेज.

चूक म्हणून खूण करावी की बरोबर म्हणून, हे मला कळेना. म्हणून या शब्दाचा इतिहास शोधायला बसले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते.

एकाच घरातले दोन भाऊ

तअय्युश हा शब्द ज्या अरबी धातूपासून झाला, त्याचा मूळ अर्थ आहे जगणे. 'ऐश' म्हणजे अरबीत आयुष्य, जीवन. इजिप्तमध्ये तर रोजच्या भाकरीलाच 'ऐश' म्हणतात. २०११ साली कैरोच्या तहरीर चौकात लोक जमले तेव्हा त्यांच्या घोषणेतला पहिला शब्द हाच होता : ऐश, स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय. आपल्याकडच्या कोणी ती घोषणा ऐकली असती तर त्याला वाटले असते, हे लोक चैन मागायला रस्त्यावर आले आहेत. ते भाकरी मागत होते.

याच धातूचा दुसरा शब्द 'मआश', म्हणजे उपजीविका. उर्दूत अर्थशास्त्राला 'मआशियात' म्हणतात ते यावरूनच. मोगल काळात विद्वानांना, गोरगरिबांना, खानदानी पण निराधार स्त्रियांना पोटापुरती जमीन दिली जाई, तिला 'मदद-ए-मआश' म्हणत. निजामी राजवटीत मराठवाड्यात हाच शब्द 'मदतमाश' होऊन महसुलाच्या दप्तरात बसला. आमच्याकडे अजूनही जमिनीच्या जुन्या कागदांत मदतमाश इनामाचा उल्लेख निघतो आणि त्यावरून कोर्टकचेऱ्या चालतात. म्हणजे ऐश आणि माश हे सख्खे भाऊ. एक बदनाम झाला आणि दुसरा सरकारी कागदावर चढला.

असे एकट्या ऐशचेच झाले असे नाही. मराठीतले सुखाचे बहुतेक शब्द अरबी-फारसीच्या वाटेने आले आहेत आणि वाटेत त्यांचे अर्थ बदलले आहेत. 'मौज' म्हणजे मुळात पाण्याची लाट. 'शौक' म्हणजे ओढ, तळमळ. सूफींच्या लिखाणात तो ईश्वराच्या ओढीसाठी येतो. आपण मात्र 'शौकीन' म्हणतो तेव्हा डोळा मिचकावून म्हणतो. 'मजा' म्हणजे जिभेची चव. 'फाजील' हा शब्द तर माझ्या वर्गात रोज गोंधळ घालतो. उर्दूत फाजिल म्हणजे विद्वान. मराठीत फाजील लाड, फाजील आत्मविश्वास. दोन्हींचे मूळ 'फज्ल', म्हणजे जास्तीचे. ज्ञान जास्त झाले तर फाजिल आणि लाड जास्त झाले तर फाजील.

'चैन' शब्दाची गंमत अशी की मराठीने त्याचे दोन्ही अर्थ जपले. आजारी लेकरापाशी बसलेल्या आईला चैन पडत नाही, तेव्हा चैन म्हणजे मनाची शांती. तिच्या सुनेने नवी साडी घेतली की ती चैन करते, तेव्हा तोच शब्द ठपका होतो. शब्द एकच, बोलणाऱ्याची नजर बदलली की अर्थ बदलतो.

शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला. दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. त्या कोशात एक 'भोग्यवर्ग' आहे, म्हणजे उपभोगाच्या वस्तूंचे स्वतंत्र प्रकरण. कोश आपल्या कामाला आला. पण लोकांच्या तोंडातले अत्तर, मखमल, मौज आणि शौक जागचे हलले नाहीत. सुखाचे शब्द हुकमाने येत नाहीत आणि हुकमाने जातही नाहीत.

लक्झरीचा प्रवास

इंग्रजी शब्दाचा प्रवास याच्या नेमका उलट. त्याचे मूळ लॅटिन 'लक्झुरिया', म्हणजे अतिरेक, बेतालपणा. मध्ययुगात ख्रिस्ती धर्मोपदेशक त्याला मोठ्या पापांत मोजत आणि त्याचा अर्थ सरळ कामवासना असा घेत. फ्रेंच भाषेत आजही 'ल्यूक्स' म्हणजे चैन आणि 'ल्यूक्स्यूर' म्हणजे वासनेचे पाप असे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. पुढे युरोपचा व्यापार वाढला, साखर, चहा, रेशीम घरोघर पोहोचू लागले, तसे या शब्दाचे पाप धुऊन निघाले. आता तर तो जाहिरातीत मिरवतो. आपला 'ऐश' जीवनापासून निघून बदनामीला पोहोचला. त्यांची 'लक्झरी' बदनामीतून निघून प्रतिष्ठेला पोहोचली.

पण कोणत्याही भाषेत एक गोष्ट सारखी दिसते. चैन कशाला म्हणायचे हे ठरवणारा एक असतो आणि ज्याची वस्तू काढून घेतली जाते तो दुसराच असतो. इसवी सनापूर्वी २१५ साली, हॅनिबलशी युद्ध चालू असताना, रोममध्ये ऑपियन कायदा झाला. कोणाही स्त्रीने अर्ध्या औंसाहून अधिक सोने बाळगू नये, रंगीबेरंगी वस्त्र नेसू नये, शहरात गाडीतून फिरू नये. युद्ध संपले, पुरुषांचे भरजरी पोशाख परतले, तरी कायदा राहिला. अखेर इ. स. पू. १९५ मध्ये रोमच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. केटोसारख्या मातब्बर पुढाऱ्याने विरोध केला, तरीही कायदा रद्द झाला. चैनीवर बंदी घालायची वेळ येते तेव्हा पहिला हात बाईच्या गळ्यातल्या दागिन्याकडे जातो, हे तेव्हापासूनचे.

अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात एक साधी पण महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. गरज म्हणजे केवळ जीव जगवणारी वस्तू नव्हे. जी नसेल तर त्या समाजात साध्या माणसालाही चारचौघांत जायची लाज वाटते, तीही गरजच. ग्रीक-रोमन लोक तागाच्या सदऱ्यावाचून खुशाल राहिले. पण स्मिथच्या काळच्या इंग्लंडात मजुरालाही तो सदरा नसेल तर मान खाली घालावी लागे. म्हणून सदरा गरजेत धरायचा. या कसोटीवर माझ्या विद्यार्थिनीचे कॉलेज कुठे बसते, हा प्रश्न मी वाचता वाचता समासात लिहून ठेवला.

विलासी कोण?

हरलेल्याच्या नावापुढे इतिहास 'विलासी' हे विशेषण फार सहज लावतो. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनी सरकारने अवधचे राज्य खालसा केले. वाजिद अली शाह गाण्याबजावण्यात दंग असतो, कारभार बुडाला आहे, हे कारण पुढे केले गेले. खरे कारण अवधची सुपीक जमीन आणि महसूल यांत होते हे उघड आहे. तो नवाब १८८७ साली कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला परागंदा अवस्थेत वारला. पण 'नवाबी' हा शब्द शिवीसारखा मागे राहिला. मराठी वाचकाला दुसऱ्या बाजीरावाची आठवण व्हावी. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि शाळेच्या पुस्तकांत त्याच्या नावाला विलासीपण कायमचे चिकटले. उलट १९११ साली दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला, त्यावर पाण्यासारखा पैसा ओतला गेला, त्याला कोणी विलास म्हटले नाही. ते वैभव ठरले. दोघांच्या दोषांवर पांघरूण घालण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की जिंकणाऱ्याचा थाट आणि हरणाऱ्याचा विलास, हे एकाच खर्चाचे दोन मथळे असतात.

या 'नवाबी' चित्राचा सर्वात मोठा अन्याय मात्र नवाबांवर झालेला नाही. तो झाला त्या वस्तू घडवणाऱ्यांवर. मुसलमान म्हटले की मखमल, अत्तर आणि झुंबर डोळ्यांपुढे येते. ती मखमल विणणारा मोमीन, जुलाहा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. हे माझ्या घरातले दुःख आहे. माझे नाना औरंगाबादेत – आताच्या छत्रपती संभाजीनगरात – हिमरूच्या मागावर बसत. सुती ताण्यावर रेशमाची नक्षी उठवायची, असे हे कापड. भरजरी किनखाब परवडत नसे त्यांच्यासाठी ते निघाले असे म्हणतात. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, त्या काफिल्याबरोबर हे विणकर आले, अशी आमच्याकडे सांगोवांगी आहे. नानांनी आयुष्यभर हिमरूच्या शाली विणल्या. आमच्या घरात हिमरूची शाल नव्हती. नानांच्या मयतीवर जी चादर पडली ती साध्या सुताची होती.

हिमरूची थोरली बहीण 'मशरू'. या कापडाच्या नावातच आपल्या विषयाचे सार आहे. मशरू म्हणजे शरीअतने मान्य केलेले. पुरुषाने शुद्ध रेशीम वापरू नये, असा हदीसचा दंडक. स्त्रियांना मुभा आहे. हनफी फिक्हने यातून वाट काढली : ताणा रेशमाचा पण बाणा सुताचा असेल तर ते कापड पुरुषाला चालते. मशरूची वीण नेमकी अशी असते. उभे धागे रेशमाचे, आडवे सुताचे, आणि वीण अशी की रेशीम वरच्या अंगाला चमकावे आणि सूत आतून अंगाला लागावे. कोणी याला पळवाट म्हणेल. मला त्यात वेगळे काही दिसते. सुंदर वस्तू हवी ही माणसाची ओढ त्या कापडाने नाकारली नाही आणि धर्माची मर्यादाही मोडली नाही. गुजरातेत पाटणला आणि दक्खनमध्ये औरंगाबादला हे कापड विणले जाई. आमच्याकडे आता हिमरूचे हातमाग बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

मर्यादा वस्तूची की वागण्याची?

'इस्लाममध्ये चैन हराम आहे' असे एक सरधोपट वाक्य आपल्या मोहल्ल्यांत ऐकू येते. कुरआनात निषेध आहे तो इसराफचा, म्हणजे हद्द ओलांडण्याचा, आणि तबजीरचा, म्हणजे उधळपट्टीचा. 'मुतरफीन', म्हणजे सुखाने माजलेले धनदांडगे, यांच्यावर तेथे कडक ताशेरे आहेत. पण चांगले खाणे, चांगले लेणे यांना तेथे मनाई नाही. दोष वस्तूत नाही, हद्द सोडण्यात आहे. आणि ताशेरा आहे तो ज्याच्या हाती सत्ता-संपत्ती आहे त्याच्यावर.

ट्यूनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या इब्न खल्दूनने याचे राजकारण उलगडून दाखवले. १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त तो म्हणतो की राज्य मिळवणारी पहिली पिढी कष्टाची, एकजुटीची असते. सत्ता आली की 'तरफ' येतो, म्हणजे ऐषआराम. पुढच्या पिढ्यांना तो हक्क वाटू लागतो. खर्च भागेना म्हणून रयतेवर कर वाढतात, कर वाढले की शेती आणि व्यापार आटतात, आणि तीन-चार पिढ्यांत राज्य ढासळते. मात्र त्याच इब्न खल्दूनने हेही नोंदवले आहे की शहरात मागणी असते म्हणूनच कलाकुसरीचे धंदे फुलतात. सुलतानाचा ऐषआराम आणि विणकराची रोजी त्याने एका तागडीत तोलली नाही. आपण मात्र तोलतो.

आता माझ्या तीन रकान्यांकडे येते. ते अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी कितीतरी शतके आपल्या फिक्हमध्ये आखले गेले आहेत. इमाम गजाली (मृत्यू ११११) आणि ग्रनाडाचे इमाम शातिबी (मृत्यू १३८८) यांनी माणसाच्या हिताच्या तीन पायऱ्या सांगितल्या : जरूरियात, हाजियात आणि तहसीनियात. पहिलीत ज्यावाचून जगणे कोसळते ते. दुसरीत ज्यावाचून जगणे अडचणीचे होते ते. तिसरीत ज्याने जगणे सुंदर होते ते. आणि तिसऱ्या पायरीचे नाव पहा, तहसीन, म्हणजे सुंदर करणे. त्यात ठपका नाही. स्वच्छता, टापटीप, चांगली रीतभात हे सारे त्यांनी तिथे ठेवले.

आणि पहिल्या पायरीवर काय आहे? पाच गोष्टी. दीन, जीव, अक्ल, वंश आणि मालमत्ता. यांचे रक्षण म्हणजे जरूरियात. मी हे बी.एड.च्या आधीही वाचले होते, पण वही समोर ठेवून वाचले तेव्हा 'अक्ल' या शब्दावर थबकले. बुद्धीचे रक्षण पहिल्या रकान्यात आहे. तिसऱ्यात नाही, दुसऱ्यातही नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या इमामांनी जे जिवाच्या शेजारी ठेवले, ते आमच्या मोहल्ल्यातल्या मुलीने दागिन्यांच्या खाली लिहिले. हे तिला कोणी शिकवले?

घागर, तूप आणि इतर चैनी

गरिबाने सुखाचा एक घास घेतला की तो वरच्यांच्या डोळ्यांत खुपतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये अशा घटना तारखांसह दिल्या आहेत. नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झनू गावी खात्यापित्या घरच्या अस्पृश्य बायका धातूच्या घागरींनी पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांना मारहाण झाली. एप्रिल १९३६ मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्यात एका अस्पृश्याने जातभाईंना तुपातले जेवण घातले, तर लाठ्या घेऊन लोक धावून आले आणि अन्नाची नासाडी केली. घागर आणि तूप. विकत घ्यायला त्यांच्याकडे पैसे होते. परवानगी नव्हती.

कायद्याच्या भाषेतही हा शब्द सरळ राहिलेला नाही. आपल्या राज्यघटनेच्या राज्यसूचीतील ६२ वी नोंद राज्यांना लक्झरीवर कर बसवण्याचा अधिकार देत होती. उत्तर प्रदेशासह काही राज्यांनी तंबाखूच्या मालावर हा कर लावला. तेव्हा जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला ठरवावे लागले की येथे लक्झरी म्हणजे उपभोगाची, मौजेची कृती, वस्तू नव्हे. पुढे २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने त्या नोंदीतून हा शब्दच गेला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा बांगड्या आणि कुंकू करमुक्त होते, आणि मुलींच्या सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर होता. कोणत्याही कागदावर ती चैनीची वस्तू असे लिहिलेले नव्हते. पण दर महिन्याला दोन-तीन दिवस शाळा बुडवणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना कोणत्या रकान्यात टाकले आहे ते कळत होते. देशभर आवाज उठला आणि जुलै २०१८ मध्ये तो कर हटला. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींसारख्या वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा वेगळा दर आला. रकाने पुन्हा पुन्हा आखले जातात. ते दगडावर कोरलेले नाहीत.

सरकारला बोल लावून आपण मोकळे होऊ नये. आपले रकाने कोण आखतो? नोव्हेंबर २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात होते की ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा त्यांनी शाळा सोडली. त्यामागे गरिबी आहे, भेदभाव आहे, मोहल्ल्यात शाळा नसणे आहे. पण ज्या घरात मुलीच्या फीला पैसे नसतात, त्याच घरात शादीखाना लागतो, दोन तऱ्हेचे गोश्त शिजते, वलीम्याला हजार माणूस जेवते आणि कर्ज पाच वर्षे फिटत नाही. त्याला कोणी तअय्युश म्हणत नाही. 'लोगां क्या बोलेंगे' म्हणून ती जरूरत ठरते. अ‍ॅडम स्मिथची कसोटी आपण लावली आहे खरी, फक्त उलटी. मुलगी अडाणी राहिली तर मान खाली जात नाही. जेवणात गोड कमी पडले तर जाते.

माझी ऐश

मी बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा अब्बांची किराणा दुकानातली नोकरी नुकतीच सुटली होती. अम्मीने दोन बांगड्या मोडल्या. एका नातेवाईक बाईंनी दारात उभ्या राहून ऐकवले, "घर में आटा नै, और बेटी की ऐश चल री." अम्मी लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. तिला ऐशचा अरबी अर्थ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती फक्त म्हणाली, "हौ बी, चल री."

पुढे कधीतरी अतिया फैजी यांच्याविषयी वाचले. मुंबईच्या या मुस्लिम तरुणीने १९०६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनचे मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेज गाठले. शिक्षक व्हायलाच गेल्या होत्या त्या. त्यांची रोजनिशी 'जमाना-ए-तहसील' नावाने १९२१ साली पुस्तकरूपाने आली. घर सुखवस्तू, नात्यात तय्यबजींसारखी मंडळी. म्हणून त्यांच्या जाण्याला लोक 'तरक्की' म्हणाले. शंभर वर्षांनी मराठवाड्यातल्या एका विणकराची नात त्याच शिक्षणासाठी निघाली, तिला 'ऐश' म्हणाले. नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारातून मी अम्मीला बांगड्या करून दिल्या. त्या तिने माझ्या धाकट्या बहिणीच्या डिप्लोमाला पुन्हा मोडल्या.

पालकसभेला त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे वडील आले होते. रात्रभर मुंबईहून प्रवास करून थेट शाळेत. डोळे लाल. मी सहज विचारले, बसमध्ये झोपायला मिळते का? ते हसले. "सीटां पैसिंजर के, आपा. हम डिक्की में, सामान के बाजू." लक्झरीचा याहून सविस्तर अर्थ मला कोणत्याही कोशात मिळाला नाही. ते मुलाचे गुण विचारायला आले होते. बारावीनंतर कोणती लाइन चांगली, हेही त्यांनी विचारले. त्यांच्या वहीत कॉलेज कोणत्या रकान्यात आहे ते मला कळले.

त्या मुलीच्या वहीवर मी बरोबर-चूक काहीच लिहिले नाही. तिच्या घरी दोनदा गेले. तिचे वडील वाईट मनाचे नाहीत. रिक्षा चालवतात, हप्ता थकला आहे, मोठ्या मुलीच्या लग्नाचे कर्ज आहे. मी त्यांना इमाम शातिबी सांगितले नाहीत. फी किती, शिष्यवृत्ती कोणती, बसचा पास कसा मिळतो, एवढेच कागदावर लिहून दिले.

या जूनमध्ये तीच मुले दहावीत आली. पहिल्याच आठवड्यात मी पुन्हा तीन रकाने भरायला लावले. ऐश म्हणजे जगणे, हेही या वेळी सांगितले. मुलांना इजिप्तची भाकरी फार आवडली. वह्या गोळा केल्या आणि आधी तिचीच उघडली. कॉलेज तिसऱ्या रकान्यातून निघून दुसऱ्यात, आसाइशात आले होते.

अजून एक रकाना बाकी आहे. दहावीचे वर्ष हातात आहे.